बूट वाळायला जागा

कंपनीचे बूट वर्षातून एकदा मिळतात, एप्रिलच्या आसपास, रजिस्टरवर सही करून. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मी पंचवीस वर्षं मेंटेनन्सला आहे, आणि दर वर्षी पाहतो की एप्रिलात मिळालेले बरेचसे बूट दसरा बघत नाहीत. उन्हाळ्यात त्यांना काही होत नाही. जून लागतो, आठवडाभर पाणी तुंबतं, आणि मग कुणाच्या तरी बुटाचा सोल पुढून आ वासतो. कुणाचं चामडं, पाऊल जिथे दुमडतं तिथे चिरतं. मग तो झटपट चिकटणारा गोंद आणून चिरेत भरतो. गोंदाने ती जागा दगडासारखी कडक होते आणि पुढची चीर तिच्या शेजारी पडते.

बूटच ना, नवे घ्या, असं ऑफिसातली माणसं म्हणतात. बाहेर बऱ्यापैकी जोड घ्यायचा तर ठेकेदाराकडच्या मुलाची दोन-तीन दिवसांची मजुरी जाते. महिन्याच्या वीस तारखेला ती हातात नसते. तो फाटक्या बुटावर प्लास्टिकची पिशवी बांधतो आणि पुढे चालू.

आमच्या बुटांच्या आत बोटांवर लोखंडी टोपी असते. आयएस १५२९८ या भारतीय मानकाप्रमाणे तिने २०० ज्यूलचा आघात सोसायला हवा. सोप्या भाषेत, वीस किलोचं वजन एक मीटरवरून पायावर पडलं तरी बोटं शाबूत राहायला हवीत. आमच्याकडे वीस किलोच्या वस्तूंना तोटा नाही. व्हॉल्व्ह आहेत, फ्लँज आहेत, पंपाची धडं आहेत. पण टोपीला जागेवर धरून ठेवतं ते चामडं आणि शिवण. ते सुटलं की टोपी आतून बोटांनाच कापायला लागते. २६ मे २०१६ ला डोंबिवलीत एका केमिकल कारखान्यात स्फोट झाला, बारा माणसं गेली, आणि दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटून रस्त्यावर आल्या. त्या दिवशी मी काचेवरून चालत घरी गेलो आणि पायाला काही झालं नाही. माझ्या पुढे एक बाई स्लिपर घालून मुलाला कडेवर घेऊन चालली होती, ती प्रत्येक पाऊल शोधून टाकत होती. २३ मे २०२४ ला पुन्हा स्फोट झाला, पुन्हा काचा. बुटाकडे चैनीची वस्तू म्हणून बघणं मला तेव्हापासून जमलेलं नाही.

बूट सांभाळणं मी शिकलो ते बाबांकडून. बाबा रेल्वेत गँगमन होते, पुढे कीमन झाले. १ मे १८५४ ला ठाण्यापासून कल्याणपर्यंत जी लाइन सुरू झाली, तिच्या कल्याणकडच्या टोकाला त्यांची उभी नोकरी गेली. खांद्यावर हातोडा आणि पाना, सकाळी निघायचे, रुळांच्या चाव्या बघत जायचे आणि दुसऱ्या रुळाने परत यायचे. रुळांमधली खडी मुद्दाम धारदार कडांची ठेवतात, गोल खडी एकमेकांत अडकत नाही आणि रूळ सरकतात. त्या कडांवरून रोज दहा-बारा किलोमीटर चाललेला बूट कडांनी घासला जातो, टाचेकडून झिजतो, आणि पावसाळ्यात तर खडीखालचा चिखल शिवणीत बसतो. वाळू आणि चिखल शिवणीत राहिला तर प्रत्येक पावलाला दोरा घासतो. बाबा म्हणायचे, दोरा पाण्याने तुटत नाही, मातीने तुटतो.

घरी आल्यावर आधी बूट, मग चहा. आई चहा ठेवायची आणि ते ओट्याखालच्या मोरीत बसून जुन्या दात घासायच्या ब्रशने शिवणी साफ करायचे. नळाखाली कधी धरायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे. मग नाड्या पूर्ण काढायच्या, जीभ बाहेर ओढायची, आतली गादी वेगळी काढून दोरीला लावायची, आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे. तासाभराने ते बोळे ओले झाले की बदलायचे. ही शेवटची गोष्ट लोक करत नाहीत. रात्री कोंबलेला कागद सकाळपर्यंत तसाच ठेवला तर तो ओलावा धरून बसतो, बुटाला ओली पट्टी बांधल्यासारखंच. आणि बूट उभा ठेवायचा नाही, आडवा ठेवायचा, म्हणजे तळालाही हवा लागते. आमच्या खोलीत खिडकीखाली एक लाकडी फळी फक्त त्यासाठी होती. तिच्यावर दुसरं काही ठेवलेलं बाबांना चालत नसे. एकदा मी दप्तर ठेवलं तर ते उचलून त्यांनी गुपचूप पलंगावर ठेवलं.

रविवारी मेगाब्लॉक नसला तर तेल. मधमाशीचं मेण आणि एरंडेल एका जुन्या टोपात अगदी मंद आचेवर एकत्र करायचे. टोप आईने त्यासाठी कायमचा बाद केला होता. थंड झालं की ते मलमासारखं होई. बोटाने, फडक्याने नव्हे, शिवणीवर आणि दुमडीवर चोळायचं. बोटाची ऊब लागल्याशिवाय मेण आत जात नाही, असं त्यांचं म्हणणं. तेल कमी पडलं तर चालतं, जास्त झालं तर नाही. फार तेल पाजलेलं चामडं लोळागोळा होतं, पायाला आधार देत नाही, शिवणीची भोकं सैल पडतात. आणि बाजारातलं पॉलिश? काळं पॉलिश हे वरचं रंगकाम, थोडं पाणी थोपवतं इतकंच. कल्याण स्टेशनवर ब्रशने पेटीवर टकटक करणाऱ्या पॉलिशवाल्याकडे बाबा फक्त कुणाच्या लग्नाला जाताना बसायचे.

कातडं म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या बारीक धाग्यांचं जाळं. कच्चं ठेवलं तर ते कुजतं. मराठीत कातडं कमावतात, पैसा कमावतात आणि शरीरही कमावतात, तिन्हीला एकच क्रियापद. कातडं कमावायला पूर्वी बाभळीची साल आणि हिरडा वापरत, अजूनही कोल्हापुरीसाठी वापरतात. कल्याणहून माळशेज चढून जुन्नर-आंबेगावकडे गेलात तर तिथले महादेव कोळी हिरडा गोळा करताना दिसतील. त्यातला काही औषधात जातो, काही चामड्यात. आमच्या बुटांचं चामडं मात्र क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. ही पद्धत १८८४ मध्ये न्यू यॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झने पेटंट केली. काम दिवसांत होतं, जिथे सालीला महिने लागत, आणि ते चामडं उष्णता आणि पाणी जास्त सोसतं. दोन्ही प्रकारांत शेवटी तेल मुरवावं लागतं, म्हणजे धागे एकमेकांवरून घसरत राहतात. बूट भिजला आणि वाळला की दर खेपेला थोडं तेल जातं. पुरेसं गेलं की धागे एकमेकांना चिकटतात, आणि चिकटलेले धागे दुमडले की तुटतात. चीर पडते ती अशी. बाबांना यातलं रसायन माहीत नव्हतं, पण त्यांचं रविवारचं मलम नेमकं हेच भरून काढत होतं.

कातडं कमावणारे ढोर आणि जोडे शिवणारे चांभार, दोघांच्याही हातांचा गावाने विटाळ मानला आणि त्या हातांनी केलेलं मात्र पायात घातलं. त्यामुळे झालं असं की चामड्याबद्दलचं शहाणपण लिहून ठेवायची कुणाला गरज वाटली नाही. मला ते जे मिळालं ते डोंबिवली पूर्वेला एका पत्र्याच्या स्टॉलमध्ये. समाजकल्याणकडून गटई कामगारांना असे स्टॉल मिळतात, त्यातला एक. त्यातल्या मामांकडे मी वीस वर्षं जातोय. रापी आणि आरी त्यांच्या वडिलांच्या काळातल्या आहेत. झिजून झिजून रापीचं पातं निम्मं उरलंय.

आयटीआय करून मी आधी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका मशीन शॉपला होतो. तिथे बुटाचा शत्रू वेगळा होता, लेथमधून उडणारी लोखंडाची कुरळी कात्रणं सोलमध्ये रुतायची आणि कूलंटचं तेल पायाखाली असायचं. डोंबिवलीत आल्यावर पहिल्याच वर्षी माझ्या बुटांचा चेहरा बदलला. पुढचा भाग फुगल्यासारखा, मग पापुद्रे. मी ते मामांना दाखवले. त्यांनी हुंगून बघितले.

“चुन्यात उभे राहता का दादा?”

चुना नव्हता, कॉस्टिक होतं. आमच्याकडे कॉस्टिक सोड्याचं द्रावण या टाकीतून त्या टाकीत जातं आणि कुठल्या तरी ग्लँडमधून थेंब थेंब गळत असतंच. मामांनी समजावलं की कमावण्याआधी कातडं चुन्याच्या निवळीत बुडवून ठेवतात, त्याने ते फुगतं आणि केस सुटून येतात. “कातडं सोलायला जे लागतं त्यातच तुम्ही रोज बूट बुडवताय.” अल्कलीचं काम आमच्या सेफ्टी ऑफिसरनेही मला इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं. सिमेंटचंही हेच आहे, म्हणून गवंड्याचे बूट पांढरे पडून फुटतात. उपाय एकच, पाळी संपायची वाट न बघता लगेच भरपूर साध्या पाण्याने धुवायचं. बाबा बूट नळाखाली धरत नसत, पण बाबांच्या रुळांवर कॉस्टिक नव्हतं. आणि जिथे ॲसिड किंवा कॉस्टिक खरोखर हाताळायचं तिथे चामड्याचा बूट घालूच नये, गमबूट घालावा. तोही आठ तास घालता येत नाही, पाय आतून घामाने भिजतो आणि शिडीवर तो जड होतो. म्हणून लोक चामडीच घालून फिरतात.

एमआयडीसीतल्या रस्त्यावरच्या पाण्याचंही असंच. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, फेब्रुवारी २०२० मध्ये इथला एक रस्ता गुलाबी झाला, तेव्हा टीव्हीवाले आले. बाकी दिवशी पाण्याला रंग नसतो. बूट घरी गेल्यावर पुसला आणि फडक्याला साबणासारखा बुळबुळीतपणा आला तर समजायचं.

तेल, मेण, ब्रश, हे सगळं कुणालाही शिकवता येतं, दहा मिनिटांचं काम आहे. मी नव्या मुलांना शिकवायचोही. तरी बूट जात होते. यामागचं कारण मला पाच-सहा वर्षांपूर्वी एका मुलामुळे दिसलं. परभणीकडचा, ठेकेदाराकडे लागलेला, सोनारपाड्याला चार जणांबरोबर एका खोलीत राहणारा. नाव सांगत नाही. दोन जण दिवसपाळीला, दोन नाइटला, हा मध्ये कुठेतरी. म्हणजे खोलीत सतत कुणीतरी झोपलेलं. बूट दाराबाहेर ठेवले तर चोरीला जातात. आत ठेवले तर वास येतो म्हणून झोपलेला माणूस शिव्या घालतो. पंखा एक, त्याखाली अंथरुणं. वर्तमानपत्र घरात येत नाही, बोळे कशाचे करणार? त्याने बूट पलंगाखाली प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला सुरुवात केली. चार दिवसांत बुटाला आतून पांढरी बुरशी.

मग तो कंपनीत आल्यावर जेवणाच्या सुट्टीत ओले बूट स्टीम लाइनवर ठेवायचा. हे तो एकटा करत नव्हता, निम्मी पाळी करायची. पाइपावर बूट अर्ध्या तासात खणखणीत वाळतो आणि घालताना ऊबदार लागतो, त्याहून सुखाचं पावसाळ्यात काही नाही. पण ओलं चामडं कोरड्यापेक्षा कितीतरी कमी उष्णतेला आकसतं. वाफेच्या पाइपाचा पत्रा त्याला पुरून उरतो. तेल सुटतं, सोलचा डिंक मऊ होतो, चामडं आखडून लाकूड होतं. महिन्याभरात त्याच्या उजव्या बुटाला दुमडीवर आरपार चीर गेली. त्यातून पाणी, पाण्यातून चिखल्या. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी होऊन सोलली आणि एका बेचक्यात पू झाला. नऊ दिवस तो आला नाही. ठेकेदाराकडे आजारपणाचा पगार नसतो. दहाव्या दिवशी आला तेव्हा पायाला फडकं बांधून त्यावर तोच बूट.

“रजा का नाही वाढवली?” मी विचारलं.

“काका, बूट वाळायला तिकडं जागा नाय आन् पाय वाळायला बी नाय.”

मी मॅनेजरसाहेबांकडे दोन मागण्या घेऊन गेलो. ठेकेदाराच्या मुलांना वर्षाला दोन जोड द्या, आलटून पालटून घालतील. एक जोड एक दिवस आड घातला तर तो दुपटीपेक्षा जास्त टिकतो, कारण त्याला पुरतं वाळायला मिळतं. ही मागणी तिथेच पडली, कंत्राटात एक जोड लिहिला होता. दुसरी मागणी बूट ठेवायच्या रॅकची. ती लगेच मान्य झाली, खर्च नव्हता ना. भंगारातले पाऊण इंची पाइप वेल्डिंग करून मी आणि आमच्या फिटरने तिरक्या खुंट्यांचा रॅक केला, बूट उलटा खोचायचा, तोंड खाली, म्हणजे पाणी निथळतं. आणि रॅक बसवला कायम कामगारांच्या लॉकर रूममध्ये. तिथे ठेकेदाराच्या मुलांना प्रवेश नाही. हे सांगितल्यावर साहेब म्हणाले, मग त्यांचे बूट तुम्हीच आत नेऊन ठेवत जा.

तीन आठवडे मी आणि फिटर ते करत होतो. मग आम्हाला कॉम्प्रेसरची खोली सुचली. हवेचा कॉम्प्रेसर चालतो तेव्हा त्याच्या कूलरचा पंखा गरम हवा बाहेर फेकतो. हात धरला तर सोसेल इतकी गरम, शिवाय वाहती. चामड्याला नेमकं हेच हवं असतं, ऊब कमी आणि वारा जास्त. खोलीच्या मागे पत्र्याची पडवी होती, तिच्यात केमिकल नाही, ठिणगीचं काम नाही, आणि तिथे कुणालाही जाता येतं. रॅक तिकडे नेला. पाळी संपली की बूट खुंटीला, घरी चपलेने जायचं, दुसऱ्या दिवशी येऊन कोरडे बूट पायात. सोनारपाड्याच्या खोलीतून बुटांचा प्रश्नच गेला. स्टीम लाइनवर कुणी ठेवलेला दिसला तर आता पोरंच ओरडतात. खाली एका डब्यात बाबांचं मलम ठेवतो, महिन्याला एक डबा संपतो. त्या दिवाळीपर्यंत परभणीच्या मुलाचे बूट टिकले. ते बूट मी त्याला मामांकडून चामड्याचा तुकडा आतून लावून घेतलेले होते, मामांनी पैसे निम्मे घेतले.

रॅकने एक गोष्ट मात्र सुटत नाही, ती सोलची. बाबांच्या बुटांचे सोल शिवलेले होते, झिजले की मामांसारखा कुणीतरी नवे लावायचा. बाबांनी एकाच जोडाला तीनदा सोल लावून घेतले. आताच्या बुटांचा सोल पॉलियुरेथेनचा, साच्यात ओतून थेट चामड्याला जोडलेला. हलका, मऊ, पायाला सुखाचा. पण दमट हवेत पाणी त्याची साखळी हळूहळू तोडत जातं, वापरला नाही तरी. आमच्या स्टोअरमध्ये कुणीतरी काटकसर म्हणून साठवून ठेवलेले कोरे जोड होते. खोक्यातून काढून घातले आणि दुपारी जेवायच्या सुट्टीपर्यंत सोल शिळ्या केकसारखा भुगा होऊन पडला. चामडं वर नवंकोरं. म्हणून बूट घेताना बघायची गोष्ट किमतीच्या आधी तारीख ही आहे. बऱ्याच सोलच्या तळाला घड्याळासारखं एक छोटं चक्र उठवलेलं असतं, त्यात महिना आणि वर्ष. दोन-तीन वर्षं जुना माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. जिथे गरम किंवा तेलकट जमीन आहे तिथे नायट्राइल रबराचा सोल मागावा, जड असतो पण उरतो.

मामा असे भुगा झालेले बूट हातात घेतात, उलटसुलट बघतात आणि परत देतात. “यात आरी कुठं घालू?” त्यांच्याकडे हल्ली बॅगांच्या चेन आणि छत्र्या जास्त येतात.

बाबा २००५ च्या मे महिन्यात निवृत्त झाले. दोन महिन्यांनी २६ जुलैला कल्याणमध्ये आमच्या तळमजल्याच्या खोलीत छातीएवढं पाणी आलं. दप्तरं, गाद्या, धान्य, सगळं गेलं. बूट माळ्यावर होते. ते गेल्यावरही मी दिवाळीच्या आधी त्यांना मलम लावतो, सवय म्हणून. मला ते एक नंबर लहान होतात. चामडं अजून कानाच्या पाळीसारखं मऊ आहे.

या वर्षी आमच्याकडे ठेकेदार बदलला. नव्याने मुलांना दिलेले बूट बाहेरून चकचकीत आहेत, पण त्यांचं चामडं कातडीच्या खालच्या थरातलं, वरून प्लास्टिकचा लेप दिलेलं. मी एकावर मलमाचं बोट फिरवलं, ते तासभर तसंच वर राहिलं, आत काही गेलं नाही. मामांना दाखवलं तर त्यांनी नखाने कड उचकटली, लेप कागदासारखा सुटला. मग आम्ही ठरवलं की या बुटांना तेल वाया घालवायचं नाही, नुसतं मेण शिवणीवर घासायचं, दुमडीवर लेप तडकला की तिथे आतून पट्टी लावायची, आणि वाळवायचं मात्र रोज. रॅकला आणखी एक ओळ वेल्ड केली आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात खुंट्या भरल्या, बावीसपैकी बावीस.